शिडीची नववी ओळ

८ मार्च

लेका,

तुझ्या डोक्याला लहानपणापासूनच भोक आहे, घातलेलं काही राहत नाही, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी आई. तीच ती, जिच्या पोटात तू नऊ महिने भाडं न देता राहिलास आणि निघताना लाथ मारून गेलास. आठवली का? नसेल आठवत तरी हरकत नाही. मी तुला विसरले नाही, एवढ्यावर काम भागेल.

हे पत्र टकटक लिहिते आहे. टकटक म्हणजे तुझ्या धाकट्या भावाची मुलगी, एकोणीस वर्षांची. कॉम्प्युटरच्या वर्गाला जाते आणि घरी आली की त्या यंत्रावर सारखी टकटक करत बसते, म्हणून मी तिला टकटक म्हणते. तिला तू पाहिलेलं नाहीस. धाकट्याला एकदाच पाहिलंस, तुझ्या वडिलांना स्मशानात पोचवायला आलास तेव्हा, आणि त्या दिवशी तू कोणाशीच बोलला नाहीस. असो. मी बोलते, ती बडवते. मला लिहिता-वाचता येत नाही ते तुला ठाऊक आहे. अक्षरं मात्र मी तुझ्यापेक्षा जास्त केली आहेत आयुष्यात. ती गंमत पुढे सांगेन.

तुझं खोकं पोचलं. दरवर्षीप्रमाणे आत चिठ्ठी नाही. बिस्किटं, सुकी अंजिरं, लोकरीचे मोजे, आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी, सालासकट. अरे, ऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडात दात असतात किती? माझे मोजून चार, तेही एकमेकांशी बोलत नाहीत. पुडी नेहमीसारखी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला दिली. त्याचे दात शाबूत आहेत आणि फुकटचं त्याला चांगलं पचतं. पुढच्या वर्षी दाणे नकोत.

आता कामाचं. माझ्या घशात गाठ आहे. आवाज घोगरा झाला तेव्हा धाकट्याची बायको म्हणाली, जरा कमी बोला म्हणजे बसेल. कमी बोलून पाहिलं, बसला नाही. डॉक्टरीणबाई चांगली आहे, तिला गोड बोलता येत नाही. म्हणाली, २२ एप्रिलला गळा उघडायचा आणि आतली आवाजाची पेटीच काढून टाकायची. मी जगेन म्हणते. गळ्याला भोक पाडतील, त्यातून श्वास घ्यायचा. बोलणं संपलं.

लिहिता येणाऱ्याचा आवाज गेला तर त्याच्या हातात कागद तरी राहतो. माझ्या हातात काय राहणार? तेव्हा तुला जे सांगायचं ते २२ एप्रिलच्या आत सांगायला हवं. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी ठेवता येतो. पत्र फाडण्याआधी माणूस निदान उघडून बघतो.

तर ऐक. मुंगीला मी तुझ्या भरवशावर बसवलं होतं आणि तू तिला सोडून गेलास. तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास, पोरच होतास. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मी तुला माफ केलं आहे. हे माझ्या तोंडून तुला कळावं, एवढंच होतं.

इथे टकटकने हात थांबवून विचारलं, "आजी, मुंगी कोण?" मी म्हटलं, तुझी आत्या. चार वर्षांची होती, कारखान्यामागच्या हौदात बुडाली. ती म्हणाली, "मला कोणी कधी सांगितलंच नाही." मोठे काका रागीट आहेत, एवढंच तिला सांगितलेलं आहे.

मोजे पायाला बसले.

आई


१७ मार्च

लेका,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मी पुढचं पाठवते. गप्प बसणाऱ्याशी बोलायची सवय मला तुझ्या वडिलांनी लावली.

टकटकला वर्गात घरचा अभ्यास दिला होता. यंत्राच्या काचेवर तारे छापून त्यांतून एक मोठं अक्षर उमटवायचं. दोन दिवस पोरगी डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, रडतेस कशाला? म्हणाली, "तुला नाही कळणार गं आजी. एका फेऱ्याच्या पोटात दुसरा फेरा असतो. बाहेरचा ओळी मोजतो, आतला ओळीतली घरं मोजतो. माझी पहिली ओळ बरोबर येते आणि त्याच्या खाली नुसत्या कोऱ्या ओळी."

मी म्हटलं, कोणतं अक्षर? तिने कागदावर काढून दाखवलं. मला हसू फुटलं. एका पायरीची शिडी! अरे, एकतीस वर्षं मी तेच विणलं.

तुला आठवत असेल, नसेलच, म्हणून सांगते. आमच्या कारखान्यात इस्पितळांचे टॉवेल निघत. कोपऱ्यात एकच मोठं अक्षर विणायचं. टकटक म्हणते त्याला एच म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्यात ती शिडी. दुसऱ्या एका इस्पितळाचा तंबू होता, तिसऱ्याचे तीन दात. मागासमोर चौकटींचा कागद टांगलेला असे, काळं घर आलं की उभा धागा उचलायचा, पांढरं आलं की सोडायचा. शिडीला अठरा ओळी. पहिल्या आठ ओळी खांबांच्या: तीन उचल, सहा सोड, तीन उचल. नववी आणि दहावी पायरीची: बाराच्या बारा उचल. मग पुन्हा आठ खांबांच्या. ओळीतले धागे उचलले की त्यातून धोटा टाकायचा, आणि खालची ओळ पुन्हा एकपासून.

मी टकटकला विचारलं, "तुझ्या यंत्राने पहिल्या ओळीत किती मोजले?"

"बारा."

"आणि दुसऱ्या ओळीला त्याला पुन्हा एकवर कोणी आणलं?"

ती बोटाने काचेवरच्या ओळी मोजायला लागली.

"अगं, त्याच्या डोक्यात बारा भरलेत. दुसऱ्या ओळीशी येतं आणि म्हणतं, बारा झालेत की, कशाला विणू? कोरंच पुढे जातं. ओळ बदलली की मोजणी काठावर आणावी लागते. कोणीतरी सांगावं लागतं त्याला."

तिने कुठेतरी एकच ओळ खालीवर केली आणि काचेवर शिडी उभी राहिली. खडखडीत, अठरा ओळींची. पोरीने माझा मुका घेतला. "आजी, सरांना सांगू का कोणी शिकवलं?" मी म्हटलं, सांग, आणि त्यांनाही काही अडलं तर पाठव.

मग तिने आणखी कायकाय विचारलं. तुम्ही चुकलात तर काय व्हायचं? मी सांगितलं. वीस माग होते, दोन रांगांत, मधून जेमतेम एक टोपली जाईल एवढी वाट. ओळ अर्धी टाकून उठलं की उचललेले धागे निसटत, कुठवर आलो ते कळत नसे, आणि अक्षराला भोक पडे. तसला टॉवेल मुकादम दिवसभर पुढच्या दाराशी टांगून ठेवी, वर तुमच्या मागाचा नंबर लावून. येणारी-जाणारी बघत, हसत. माझा माग चौदा नंबर. एकतीस वर्षांत चौदा नंबर दाराशी एकदाही टांगला गेला नाही.

टकटक म्हणाली, "एकदाही नाही?"

मी म्हटलं, एकदाही नाही. आणि मला पाणी आण म्हटलं.

घसा दुखतो. डॉक्टरीणबाईंनी आवाज जपून वापरायला सांगितलंय. जपून ठेवून काय करू? व्याज मिळणार आहे का?

आई


३० मार्च

लेका,

गुरुवारी दुपारी फोन वाजला. टकटकने तो माझ्या कानाला लावला. पलीकडे कोणी बोलेना. टकटक म्हणाली, राँग नंबर असेल, ठेव. मी ठेवला नाही. तुझ्या नाकाचं हाड जन्मापासून वाकडं, श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. साठीला आलास, तरी तीच शिट्टी.

आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी हाताशी आलेल्या मुलाला मी काय म्हणावं? "बिस्किटं मऊ पडली होती." हे म्हणाले मी! तोंडातून फटकन तेच आलं. तू फोन ठेवलास. बरं केलंस. मीही ठेवला असता.

तेव्हापासून मला घास गोड लागत नाही, तसाही तो गिळवत नाहीच. म्हणून हे पत्र. आधी पहिल्या पत्रातली माफी परत घेते. दिलेली वस्तू परत मागू नये म्हणतात, पण ती माझ्या घरची नव्हतीच.

तू मुंगीला सोडून गेला नाहीस. मी तुला पाठवलं.

माझ्या मागावरच्या कांड्या संपत आल्या होत्या. धोट्यात भरायला सूत नसेल तर बाई उभी राहते, आणि उभी राहिलेली बाई मुकादमाला लांबून दिसते. मी तुला म्हणाले, "जा, कोठीतून कांड्या घेऊन ये." तू म्हणालास, "आणि मुंगी?" मी म्हणाले, "ती कुठे पळून जातेय?" तू खिशातले भाजलेले दाणे काढलेस आणि तिची ओंजळ भरलीस. खाली बसवलंस तिला, माझ्या मागाच्या पायाशी. म्हणालास, "एकेक खायचा. हे संपेपर्यंत जागचं हलायचं नाही." तिने मान हलवली. तू गेलास.

नंतर सगळं झालं. तिला हौदातून काढलं, मागच्या फरशीवर ठेवलं. तुझे वडील धावत आले. त्यांनी विचारलं, "पोरीजवळ कोण होतं?" मुकादम होता, वीस मागांच्या बाया होत्या, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "ह्याला बसवलं होतं."

तू म्हणालास, "आईनेच पाठवलं. कांड्या आणायला."

तुझ्या हातात टोपली होती. कांड्यांनी भरलेली. आंधळ्यालासुद्धा दिसली असती. तुझ्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी नाही पाठवलं."

तू टोपली फेकली नाहीस. खाली ठेवलीस, भिंतीला लावून, कोणाच्या पायात येऊ नये अशी. मग त्यांनी तुला मारलं. किती मारलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तिथे तुझ्या डोक्याला भोक नसेल. पंधरा दिवसांनी तुला तुझ्या काकांकडे धाडलं, दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि मी तुझे कपडे बांधून दिले. दारात तू मला विचारलंस, "आता तरी सांगशील?" मी म्हणाले, "डबा सांभाळून धर, सांडेल."

तुझे वडील गेले तेही तूच दोषी असं मानून. त्यांना मी कधी सांगितलं नाही. आधी भीती होती, मग सवय झाली, मग तो घरातल्या भिंतीसारखा प्रकार झाला. भिंत रोज कोण बघतं?

मला कळलं असतं तर मी उठले असते. वीस मागांच्या खडखडाटात मला काहीच ऐकू आलं नाही.

धाकट्याला अजून सांगितलेलं नाही. टकटकला आता कळलं. लिहिताना ती मध्ये दोनदा थांबली.

आई


९ एप्रिल

लेका,

मागच्या पत्रात एक खोट आहे. दोन वाक्यं माझी नाहीत.

टकटक प्रत्येक पत्राच्या दोन प्रती छापते. एक तुला, एक मला. मला काय करायची? पण हातात धरायला बरी वाटते. रविवारी मी तिला म्हटलं, मागचं पत्र पुन्हा वाचून दाखव. ती शेजारी बसून वाचू लागली आणि मी कागदावर बोट ठेवून ओळी मोजत गेले. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते मला कळतं. तेच तर केलं जन्मभर.

ती वाचत होती, मी बोट सरकवत होते. ती शेवटाकडे आली, माझ्या तोंडून निघालेलं सगळं जसंच्या तसं बोलत होती, आणि माझं बोट कोऱ्या कागदावर आलं. ओळी संपल्या होत्या. ती अजून बोलत होती.

मी म्हटलं, "टकटक, हे तू कुठून वाचतेस?"

तिने कागद उलटा ठेवला.

"मी इतकं बोलले, ते इथे नाही. कागद आखूड आहे."

मग ती रडायला लागली. म्हणाली, "आजी, ते मी लिहिलंच नाही. त्याच्या जागी दुसरं घातलं."

"काय घातलंस?"

तिने सांगितलं: मला कळलं असतं तर मी उठले असते, खडखडाटात मला काहीच ऐकू आलं नाही.

मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "ते वाचलं असतं तर काका कधीच आले नसते. खोटं बोललीस ते कोणीही समजून घेईल. पण ते... ते कशाला सांगायचं? ते कोणालाच माहीत नाही ना?"

मी म्हटलं, तो यावा म्हणून मी लिहीत नाही. आणि हे कोणाला माहीत नाही, म्हणूनच ते माझ्या घशात बसलंय. डॉक्टरीणबाई गाठ काढेल तेव्हा तेही कापून फेकून देईल. त्याआधी ते बाहेर यायला हवं. बस आणि लिही. आणि या वेळी वाचायला मी दुसऱ्याला बोलावणार आहे.

पोरीला मी रागावले नाही. खोट झाकून वर चांगलं सूत ओढायची विद्या तिला माझ्याच घरात मिळाली.

आता ऐक.

मला ऐकू आलं.

तू गेल्यावर ती माझ्या पायाशी बसून एकेक दाणा खात होती. तू सांगितलं होतंस तसं, एकेक. साल काढून, फुंकर मारून. मी शिडी विणत होते. आठ ओळी खांबांच्या झाल्या, नववी लागली. पायरीची. बाराच्या बारा उचल. मी सातवर होते.

ती म्हणाली, "आई, दाणे संपले."

खडखडाट होता, पण माझं मूल माझ्या गुडघ्याशी होतं. स्पष्ट ऐकू आलं. अजून येतं.

मी मान वर केली नाही. सातवर मान वर केली तर धागे निसटतात, पायरीला भोक पडतं, आणि भोक पडलेली शिडी दाराशी टांगतात. मी म्हणाले, "ही ओळ होऊ दे." आठ. नऊ. दहा.

ती उठली. माझ्या पदराला हात पुसला तिने, ते जाणवलं. म्हणाली, "दादाकडे जाऊ?"

अकरा. बारा. धोटा टाकला.

मी "हं" म्हणाले की नाही, ते मला खरंच माहीत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं आठवते आहे. कधी वाटतं म्हणाले, कधी वाटतं नाही. तू तुला हवं ते धर. मी "हं" म्हणाले असंच धरते.

नववी झाली. दहावीही पायरीचीच असते, आणि पायरी अर्धी सोडायची नसते, म्हणून तीही केली. मग मान वर केली. पायाशी सालं पडली होती. मला वाटलं, गेली तुझ्याकडे. बरं झालं. मी अकरावी घेतली.

कोठीची वाट मागच्या दारातून होती, हौदाला वळसा घालून. तुला ठाऊकच आहे. हौद पुरुषभर खोल आणि काठ वीतभर. तुला ती वाट पाठ होती, तिला नव्हती. तू टोपली घेऊन परत आलास, तेव्हा मी चौदावीवर होते. तू म्हणालास, "मुंगी कुठेय?"

त्या हौदाला शिडी नव्हती. आत उतरायला मुकादमाला दोर बांधावा लागला.

टॉवेल मी दुसऱ्या कोणाला पुरा करायला दिला नाही. आठवड्याने परत आले आणि मीच उरलेल्या ओळी विणल्या. मुकादमाने तो उजेडात धरून तपासला. खोट नव्हती. त्याने ठप्पा मारला.

आणि दाण्यांचंही सांगते. दात हे निमित्त आहे. तू पहिलं खोकं पाठवलंस तेव्हा माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर होते. त्यात दुसरं काही नव्हतंच, नुसती दाण्यांची पुडी. आणि तारीख मुंगी गेली ती. तुझं अक्षर मला वाचता येणार नाही, म्हणून तू हे लिहिलंस. मला पहिल्याच वर्षी वाचता आलं. दरवर्षी वाचलं आणि दरवर्षी शिंप्याला देऊन टाकलं.

इथवरचं पत्र शिंप्याने मला वाचून दाखवलं, शब्द न् शब्द. मी बोट ठेवून ओळी मोजल्या, या वेळी बरोबर भरल्या. वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढून बराच वेळ सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "आणि इतकी वर्षं ते दाणे मी खाल्ले, वहिनी?"

मी म्हटलं, हो. चांगले होते ना?

तो उठला. जिना उतरताना कठडा धरून उतरला.

आई


२१ एप्रिल

लेका,

उद्या सकाळी सातला बोलावलंय. आज सगळ्यांशी बोलून घ्या, असं धाकट्याची बायको म्हणाली. भली आहे. मी तिला म्हटलं, तुला जे बोलायचं होतं ते मी वीस वर्षांत बोलून संपवलंय, तू निवांत झोप.

धाकट्याला सांगितलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "मला तिच्या जागी आणलंत का तुम्ही?" मी म्हटलं, हो. खोटं बोलायचा कंटाळा आलाय आता, आणि वेळही नाही.

तुझा फोन नाही, पत्र नाही. मी वाट बघत नाही असं टकटकला सांगते. ती जिन्यात पाय वाजला की दार उघडते आणि मला सांगत नाही. दोघीही एकमेकींना बनवतो.

काल तिने मला एक नवीन गोष्ट दाखवली. तिच्या त्या फेऱ्यांत एक शब्द घालता येतो. तो आला की यंत्र ओळ होती तिथे टाकतं, आणि उठतं. मी तिला दोनदा विचारलं, ओळ अर्धी असली तरी? "अर्धी असली तरी." धागे निसटले तरी? "त्याला काही वाटत नाही गं आजी."

मी म्हटलं, मग शिडी घे. नवव्या ओळीत सातवर तो शब्द घाल.

तिने घातला. नववी ओळ सातवर तुटली, पण पुढे दहावी आली, अकरावी आली, यंत्राने अठरापर्यंत विणून टाकलं. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, त्या शब्दाने फक्त आतला फेरा सुटतो. ओळ सुटते, काम सुटत नाही. बाहेरच्या फेऱ्यालाही वेगळं सांगावं लागतं.

मी म्हटलं, सांग त्यालाही. उठलेली बाई परत मागावर बसत नाही.

तिने सांगितलं. माझे डोळे अधू म्हणून तिने रिकाम्या घरांत टिंबं घातली आहेत. खाली छापायला लावलंय.

★★★······★★★
★★★······★★★
★★★······★★★
★★★······★★★
★★★······★★★
★★★······★★★
★★★······★★★
★★★······★★★
★★★★★★★

मी मोजून पाहिलं. सात आहेत. आठवा नाही. एवढंच करायचं होतं बघ, आठवा उचलायचा नव्हता.

हा टॉवेल चौदा नंबरचा. दाराशी टांगायचा राहून गेला होता. तुझ्या दाराशी टांग, आणि येणारे-जाणारे विचारतील तर सांग, माझ्या आईने केलाय. नाही टांगलास तरी चालेल. फाडलास तरी टकटककडे आणखी आहेत.

उद्यानंतर माझ्याकडून पत्र आलं तर ते टकटकचं समज. माझं म्हणून काही सांगायला लागली तर विश्वास ठेवू नकोस, पोरगी मनाने चांगली आहे. मला अक्षरं शिकवणार म्हणते. शिडी, तंबू आणि तीन दात मला येतातच, उरलेली किती असतात ते तिने सांगितलं, मी विसरले. बघ, भोक कोणाकडून आलं ते.

तू येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ये असंही म्हणणार नाही, तो हक्क त्या टोपलीबरोबर खाली ठेवला गेला. खोकं मात्र पाठव. मार्चची वाट बघू नकोस, मार्चपर्यंत मी असेन याची डॉक्टरीणबाईंना खात्री आहे, मला नाही. बिस्किटं नकोत, मऊ पडतात. अंजिरं नकोत. मोजे आहेत.

दाणे पाठव. भाजलेले, सालासकट. गळा भरून यायला महिना लागेल, मग मऊ खायला देतील, तोवर टकटक ते कुटून ठेवेल. साल मी काढीन, एकेकाचं, फुंकर मारायला तोंडात वारा नसेल तर बोटांनी झटकीन. या वेळी शिंप्याला देणार नाही, त्याला तसं सांगून ठेवलंय. पुडी मोठी करू नकोस. चार वर्षांच्या मुलीच्या ओंजळीत मावतील, तेवढेच घाल.

आई